टायरच्या बाजूवरील आंकडे कसे वाचावे

बैलगाडीचें चाक लांकडाचें व त्यावरील धाव लोखंडाची होती, तोंपर्यंत चाकाचें माप शेतकऱ्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तें सुताराच्या हातांत व लोहाराच्या डोळ्यांत असे. धाव सैल झाली कीं गाडी लोहाराच्या दारीं नेऊन उभी करावयाची. तो चाकाचा घेर मोजी, धाव कापून जोडी आणि तापवून बसवी. माप चुकलें तर तें त्याच्याच अंगणांत कळे व तेथल्या तेथें दुरुस्त होई. रबरी टायरचें तसें नाहीं. त्याचें माप दूरच्या कारखान्यांत ठरतें, तो तालुक्याच्या दुकानीं मिळतो, आणि चुकीचा निघाला तर तें बहुधा भर हंगामांत, भरल्या ट्रॉलीखालीं कळतें. घेणाऱ्याच्या हातीं पुरावा एकच. टायरच्या बाजूवर उमटविलेलीं अक्षरें व आंकडे. तीं न वाचतां "मागल्या चाकाचा एक द्या" असें म्हणून टायर घेणें, हें गट नंबर न पाहतां "ओढ्याकडची जमीन" एवढ्यावर खरेदीखत करण्यासारखें आहे.

आम्हीं महसूल खात्यांत सारी नोकरी आंकडे उतरवून घेण्यांत घालविली. त्या अनुभवावरून इतकें सांगतां येतें कीं, शेतकरी आंकड्यास बिचकतो तो आंकडा कठीण असतो म्हणून नव्हे, तर तो आंकडा कशाचा आहे हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें म्हणून. सातबाऱ्यावर ०.८१ असें पाहून "एक एकरही भरत नाहीं कीं काय" असें विचारणारे पुष्कळ भेटत. तो आंकडा हेक्टरचा असून दोन एकरांचा आहे असें सांगितलें कीं तोच मनुष्य पुढें सारा उतारा आपण होऊन वाचूं लागे. टायरवरही असाच घोटाळा आहे. त्यावर कांहीं आंकडे इंचांचे, कांहीं मिलिमीटरचे, एखादा शेंकड्याचा, एखादा आठवड्याचा. आणि कांहीं तर असे कीं ते कसलेंच माप नसून केवळ कोष्टकांतील अनुक्रम होत. कोणता आंकडा कोणत्या जातीचा हें ओळखतां आलें म्हणजे निम्में काम झालें. टायरवर हे आंकडे इंग्रजी असतात. आम्ही येथें ते देवनागरींत देत आहों, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम ट्रॅक्टरचें मागील चाक घेऊं. मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरवर पुष्कळदां १३.६-२८ असें माप आढळतें. यांतील १३.६ ही टायरची रुंदी, इंचांत. टायर रिमवर चढवून हवा भरल्यावर एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत जें अंतर होतें तें हें होय. जमिनीस टेकणाऱ्या भागाची रुंदी नव्हे. दुसरा आंकडा २८ हा रिमचा व्यास, तोही इंचांतच. येथें एक खुलासा अवश्य आहे. कित्येक जण रिमवर टेप आडवी धरून मोजतात आणि माप अधिक आलें म्हणून गोंधळतात. रिमला बाहेरच्या अंगास ओठ असतो. त्या ओठापासून ओठापर्यंत मोजूं नये. टायरची तार भरलेली कड आंत जेथें टेकून बसते तेथील व्यास २८ इंच असतो. पुढील चाकावर ६.००-१६ असें असेल तर त्याचा अर्थ याच रीतीनें लावावा: रुंदी सहा इंच, रिम सोळा इंच.

मोजमापाची दशमान पद्धति आपल्याकडे लागू होऊन कैक वर्षें लोटलीं, मग हे इंच कोठून आले असा प्रश्न कोणी करील. ट्रॅक्टर प्रथम लोखंडी चाकांवर चालत. हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर अमेरिकेंतील अलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं पुढें आणला, आणि तिकडील इंच टायरबरोबर सगळ्या जगांत गेले. पुढें युरोपांतून मिलिमीटर आले. परंतु रिमचा व्यास मात्र आजही बहुतेक टायरांवर इंचांतच लिहितात. त्यामुळें नव्या पद्धतीच्या टायरवर एकाच ओळींत मिलिमीटर व इंच शेजारीं शेजारीं नांदतात. दप्तरीं हेक्टर-आर आणि बांधावर गुंठा, हा संसार आपण करतोंच आहों. त्यांतलाच हा प्रकार समजावा.

दोन आंकड्यांच्या मधोमध जी आडवी रेघ असते ती नुसती शोभेची नाहीं. तिचा अर्थ असा कीं, टायरच्या आंतील दोऱ्यांचे थर एकमेकांस तिरपे छेद देऊन घातलेले आहेत. यास क्रॉस-प्लाय किंवा साधा नायलॉन टायर म्हणतात. रेघेच्या ठिकाणीं इंग्रजी आर हें अक्षर असेल तर तो रेडियल, म्हणजे ज्याच्या आंतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात आणि वर निराळा पट्टा असतो तो. रेडियलची बाजू अधिक लवते व त्याचा जमिनीस टेकणारा भाग मोठा असतो. एकाच आसावर एका अंगास साधा व दुसऱ्या अंगास रेडियल असें कधींही करूं नये. दोघांची चाल सारखी नसते, आणि वाहन एका बाजूस ओढ घेऊं लागतें.

जुन्या टायरवर कधीं कधीं १३.६/१२-२८ किंवा १६.९/१४-२८ असें दुहेरी माप दिसतें. हे दोन निराळे टायर नव्हेत. पूर्वीं ज्यास १२-२८ म्हणत त्यासच पुढें १३.६-२८ म्हणूं लागले. जुना ट्रॅक्टर घेतला असेल व त्याच्या पुस्तकांत १२-२८ लिहिलेलें असेल तर दुकानीं जाऊन बारा इंची टायर शोधीत बसूं नये.

आतां मिलिमीटरची पद्धति. ४२०/८५ आर २८ असें माप घेऊं. ४२० ही रुंदी, मिलिमीटरमध्यें. ८५ हा मात्र मिलिमीटरही नव्हे व इंचही नव्हे. तो शेंकडा आहे. टायरच्या बाजूची उंची, म्हणजे रिमच्या बसणीपासून वरच्या पाठीपर्यंतचें अंतर, रुंदीच्या शेंकडा ८५ आहे असा त्याचा अर्थ. हिशेब करूं. ४२० चे शेंकडा ८५ म्हणजे ३५७ मिलिमीटर. ही उंची चाकांत वर एकदां व खालीं एकदां येते, म्हणून दुप्पट केली; ७१४ झाले. रिमचा व्यास २८ इंच, एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, म्हणजे ७११ आणि वर थोडे. दोन्ही मिळून चाकाची पूर्ण उंची सुमारें १,४२५ मिलिमीटर. हा टायर जुन्या इंची पद्धतींतील १६.९ आर २८ च्या जागीं येतो. तसाच १३.६ च्या जागीं ३४०/८५, आणि १४.९ च्या जागीं ३८०/८५. मोटारीच्या टायरवर १६५/८० आर १४ असें असतें तेंही याच रीतीनें वाचावें. शाळकरी मुलाकडून त्याची उंची काढवून घ्यावी, ६२० मिलिमीटरच्या आसपास उत्तर आलें पाहिजे.

ही पूर्ण उंची काढण्याचा खटाटोप कशासाठीं, असें वाटेल. ज्याचा ट्रॅक्टर चारही चाकांनीं ओढणारा आहे त्याचें सारें नशीब या उंचीवर आहे, म्हणून हा भाग आम्ही जरा विस्तारानें सांगतों.

आमच्या माहितींतील एका बागायतदाराचे मागील टायर १३.६-२८ होते. ते झिजले. दुकानीं त्या मापाचे शिल्लक नव्हते, परंतु १४.९-२८ होते. विक्रेता म्हणाला, रिम तीच २८ ची, टायर बसतो, शिवाय रुंद असल्यानें पकड अधिक. भाव बरा पडला, जोडी चढविली. पहिल्या नांगरटीस कांहीं जाणवलें नाहीं. पुढें ऊस कारखान्यास नेऊं लागल्यावर, पुढील चाकांची जोडणी चालूच ठेवून डांबरी रस्त्यानें जाणें होऊं लागलें. आणि दोन हंगामांत पुढील टायर घासून गुळगुळीत झाले व पुढल्या आसाकडून घरघर येऊं लागली. दोष टायरचा नव्हता. टायर चांगलेच होते. ते त्या ट्रॅक्टरचे नव्हते.

कारण असें. १३.६-२८ या टायरची पूर्ण उंची सुमारें १,३१० मिलिमीटर, आणि १४.९-२८ ची सुमारें १,३६५. पंचावन्न मिलिमीटर म्हणजे दोन इंचांहून थोडें अधिक. डोळ्यांस तें कळतही नाहीं. परंतु उंचीवरून घेर काढला तर पहिल्याचा सुमारें ४,११५ व दुसऱ्याचा सुमारें ४,२९० मिलिमीटर होतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास मागील टायर पूर्वींपेक्षां जवळजवळ सात इंच अधिक जमीन कापूं लागला. शेंकड्यानें म्हटलें तर चार. आतां चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरांत पुढील व मागील चाकें दांतेचक्रांनीं एकमेकांस बांधलेलीं असतात, आणि रचना अशी केलेली असते कीं पुढील चाकांनीं मागल्यांपेक्षां किंचित् अधिक धांवावें. हें आधिक्य सर्वसाधारणपणें शेंकडा एक ते पांच असतें. समजा या ट्रॅक्टरांत तें तीन होतें. मागल्या चाकांनीं चार वाढविले, तेव्हां पुढलीं तीन पुढें असावयाचीं तीं उलट एक मागें पडलीं. मागलीं ढकलताहेत, पुढलीं अडविताहेत, आणि मध्यें दांतेचक्रें चेंगरलीं जात आहेत. मऊ रानांत चाक थोडें घसरतें व तेवढी तफावत पोटांत घालतें. कठीण रस्त्यावर घसरावयास जागा नाहीं; तेथें तिची वसुली रबराकडून किंवा लोखंडाकडून होते.

यावरून नियम निघतो तो असा: चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरला पुढील व मागील मापांची जी जोडी कारखान्यानें दिली असेल तीच ठेवावी. एका आसाचें माप बदलावयाचेंच असेल तर दुसऱ्याचें त्या हिशेबानें बदलावें, आणि तें ट्रॅक्टर बनविणाऱ्याच्या पुस्तकांतील कोष्टक पाहून. डांबरी रस्त्यावर पुढील जोडणी काढून ठेवावी, हें तर माप बरोबर असतांही पाळावयाचें आहे. ज्यांचा ट्रॅक्टर दोनच चाकांनीं ओढणारा आहे त्यांस ही धास्ती नाहीं. मात्र त्यांचाही वेग त्याच गिअरमध्यें शेंकडा चारांनीं वाढेल, आणि औजाराची उंची पुन्हां लावून घ्यावी लागेल.

रिमच्या बाबतींत एक ताकीद येथेंच देऊन ठेवतों. औजारांच्या व कांहीं ट्रॉल्यांच्या टायरवर १०.०/७५-१५.३ असें माप असतें. शेवटच्या आंकड्यांतील दशांश चिन्हाकडे दुर्लक्ष करून कोणी पंधरा इंची टायर त्या रिमवर, किंवा तो टायर पंधरा इंची रिमवर बसवूं जाईल तर हवा भरतांना कड फुटून जीवावर बेतेल. दप्तरांत एक टिंब चुकलें तर अर्ज करून दुरुस्त होतें.

मापाच्या पुढें बहुधा ६ पी. आर., ८ पी. आर., १२ पी. आर., १६ पी. आर. अशी अक्षरें असतात. यास प्लाय रेटिंग म्हणतात. टायरच्या आंतील दोरा सुती होता त्या काळीं हा आंकडा थरांची प्रत्यक्ष संख्या सांगे. आठ म्हणजे आठ थर. पुढें नायलॉन आलें. त्याचा दोरा सुतापेक्षां पुष्कळ बळकट, म्हणून थोड्या थरांत तेंच बळ मिळूं लागलें. आंकडा मात्र जुन्या हिशेबानेंच चालूं राहिला. आज ८ पी. आर. म्हणजे "आठ सुती थरांइतका सशक्त" एवढेंच; कापून पाहिला तर आठ थर सांपडणार नाहींत, आणि त्यावरून फसवणूक झाली असें समजूं नये. मापें तीच असून पी. आर. निराळा असूं शकतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळीं फार महत्त्वाची. मोटारसायकलचें उदाहरण सर्वांच्या दारांत आहे: पुढें व मागें दोन्हीकडे २.७५-१८ हेंच माप असतें, पण पुढला टायर ४ पी. आर. चा आणि मागला, ज्यावर दोन माणसें व एखादें पोतें बसतें, तो ६ पी. आर. चा. स्वस्त पडतो म्हणून पुढला मागें चढविणारे आम्हीं पाहिले आहेत.

याच्याही पुढें एक आंकडा व एक अक्षर असें जोडपें असतें. उदाहरणार्थ ४८ पी, ८५ टी, १२५ ए ८. हा आंकडा किलोचा नव्हे, क्विंटलचा नव्हे, कशाचाच नव्हे. आरंभीं आम्हीं ज्यास कोष्टकांतील अनुक्रम म्हटलें तो हाच. त्या अनुक्रमापुढें कोष्टकांत किती किलो लिहिले आहेत तें पाहावयाचें. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८०, ८५ म्हणजे ५१५, १०० म्हणजे ८००, ११० म्हणजे १,०६०, १२० म्हणजे १,४००, १२५ म्हणजे १,६५०, १३० म्हणजे १,९००, १३५ म्हणजे २,१८०, १४० म्हणजे २,५००. वाचकांनीं पाहिलें असेल कीं आंकडा दुप्पट झाला म्हणजे भार दुप्पट होतो असें नाहीं. ५ च्या प्रत्येक पायरीस भार साधारण सातवा हिस्सा वाढतो. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ असे दोन आंकडे दिसतात. पहिला टायर एकटा असतांना, दुसरा जोडीनें असतांना. जोडीचा भार थोडा कमी धरतात, कारण दोन टायरांत ओझें कधींच अगदीं सारखें वांटलें जात नाहीं.

अक्षर वेगाचें. ए ६ म्हणजे ताशीं ३० किलोमीटर, ए ८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५०, के ११०, पी १५०, टी १९०. शेतकामाच्या टायरवर बहुधा ए ६ किंवा ए ८ असतें. आंकडा व अक्षर हीं नेहमीं एकत्र वाचावीं. त्यांचा एकत्र अर्थ असा: इतका भार, पण इतक्याच वेगापर्यंत, आणि तोही हवा पुरती भरलेली असेल तर.

आतां उसाच्या ट्रॉलीचा हिशेब करून पाहूं. ट्रॉलीस चार टायर आहेत व प्रत्येकावर भाराचा अनुक्रम १२५ आहे असें समजा. एक टायर १,६५० किलो, चार मिळून ६,६०० किलो. पुष्कळ जण येथेंच थांबतात आणि साडेसहा टन ऊस भरावयास मोकळे होतात. पण टायर उसाबरोबर ट्रॉलीही वाहतो. रिकामी ट्रॉली दोन टनांची असेल तर उसाच्या वांट्यास ४,६०० किलोच उरले. शिवाय कच्च्या रस्त्यावर ट्रॉली एका अंगास कलते. त्या वेळीं दोन टायरांवर निम्म्याहून पुष्कळ अधिक भार येतो. आणि ही सारी बेरीज नव्या टायरची आहे, तीन हंगाम उन्हांत उभ्या राहिलेल्याची नव्हे. काट्यावरील पावती घेऊन घरीं हा हिशेब प्रत्येकानें एकदां मांडावा. आमच्या भागांतील ज्या ट्रॉल्यांचा आम्हीं मांडला, त्यांत मर्यादेंत बसणारी एकही निघाली नाहीं. वाहतुकीचा दर टनावर मिळतो, हें आम्हांस कळतें. पण फुटलेला टायर, उलटलेली ट्रॉली आणि तिच्या मागून मोटारसायकलवर येणारा मनुष्य, यांचा हिशेब कोणत्याही पावतींत धरलेला नसतो.

टायर-बैलगाडीविषयीं निराळें सांगितलें पाहिजे. हुगळीकांठीं साहागंज येथें डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ सालीं निघाला, आणि त्या नांवाचा इतका प्रसार झाला कीं उत्तर भारतांत रबरी चाकांच्या गाडीसच डनलप म्हणूं लागले. अशा गाडीच्या टायरवर ६.००-१९, ७.००-१९ किंवा ८.००-१९ असें माप असून त्यासोबत ए. डी. व्ही. हीं तीन इंग्रजी अक्षरें असतात. त्यांचा अर्थ, जनावरांनीं ओढावयाचें वाहन. हा टायर बैलाच्या चालीसाठीं केलेला आहे. ओझें मोठें, पण वेग माणसाच्या चालण्याइतका. अलीकडे ऊसतोडीच्या हंगामांत लहान ट्रॅक्टरच्या मागें अशाच दोन गाड्या एकापुढें एक जोडून रस्त्यानें नेतात. बैलांचे हाल वांचतात हें खरें, आणि तें आम्हांस आवडतें; परंतु टायर तोच राहतो व वेग पांचपट होतो. टायर मरतो तो उष्णतेनें, आणि उष्णता वाढते ओझें व वेग दोन्ही मिळून. ज्यांस गाड्या ट्रॅक्टरमागेंच चालवावयाच्या आहेत त्यांनीं आस व रिम बदलून ट्रॉलीचे टायर घालावे, किंवा गाडी बैलाच्याच गतीनें न्यावी. दुसरा टायर चढवून आस जुनाच ठेवणें हें मात्र अर्धवट काम होय.

हवेचा आंकडा बाजूवर केपीए या अक्षरांनीं दिलेला असतो, तर पंक्चरवाल्याच्या दुकानीं "पौंड" चालतात. १०० केपीए म्हणजे साधारण साडेचौदा पौंड. १४० म्हणजे वीस. बाजूवरील आंकडा अधिकांत अधिक हवेचा आहे, नित्य भरावयाच्या हवेचा नव्हे. रानांत कमी हवा असली कीं टायर पसरून बसतो, पकड येते व जमीन कमी दबते. रस्त्यावर ओझें नेतांना हवा वाढवावी लागते. किती, तें ट्रॅक्टरच्या पुस्तकांत पाहावें. याखेरीज ट्रॅक्टरच्या बहुतेक टायरांवर एक सूचना असते कीं, टायर रिमवर बसवितांना पस्तीस पौंडांच्या वर हवा भरूं नये. ही ओळ बारीक अक्षरांत असते. कड नीट बसेना म्हणून हवा वाढवीत जाणारे व तोंडासमोर टायर धरून बसणारे कारागीर पाहिले म्हणजे ती मोठ्या अक्षरांत असावी असें वाटतें.

आर-१, आर-२, एफ-२, आय-१ अशीं चिन्हें नक्षीच्या जातीचीं आहेत. एफ-२ म्हणजे पुढील चाकाचा, गोल कंगोरे असलेला; आय-१ औजारांचा. आर-१ हा ओढणाऱ्या चाकाचा नेहमींचा, आणि आर-२ हा भात व ऊस यांच्या चिखलासाठीं खोल पट्ट्यांचा. कोंकणांतील किंवा मावळांतील चिखलणीस आर-२ उत्तम. परंतु तोच टायर घेऊन रस्त्यानें रोज वाहतूक केली तर त्याचे उंच पट्टे लौकर झिजतात व पैसा फुकट जातो. बाण असेल तर चाक पुढें जातांना त्या दिशेस फिरलें पाहिजे. उलटा बसविलेला टायर चिखल बाहेर टाकण्याऐवजीं पोटांत भरून घेतो.

आतां टायरच्या जन्मतारखेकडे वळूं. एका लहान चौकटींत चार आंकडे असतात, समजा २३१९. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत, जून महिन्यांत झाला. पुष्कळांस हें २३ वें साल व १९ वा आठवडा असें वाटतें, आणि चार वर्षांचा जुना माल नवा म्हणून घरीं येतो. चारांच्या जागीं तीनच आंकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वींचा. त्याकडे पाहूंही नये. ट्रॅक्टरचा टायर मोटारीइतका धांवत नाहीं. तो झिजण्यापेक्षां ऊन-पावसांत वाळूनच अधिक खराब होतो, म्हणून त्याच्या बाबतींत वय विशेष पाहावें. टायर चढविण्यापूर्वीं ही चौकट कोणत्या बाजूस आहे तें पाहून ती बाहेर येईल असें करण्यास सांगावें, म्हणजे पुढें ट्रॅक्टरखालीं निजून वाचावें लागत नाहीं.

वापरलेला किंवा रिमोल्ड टायर घेतांना बाजूवरचा काळा रंग ओल्या फडक्यानें पुसून मगच वाचावें. आंकडे खरवडलेले दिसले तर भाव कितीही उतरला तरी परत फिरावें. मोटार, ट्रक व दुचाकी यांच्या टायरांवर आय. एस. आय. ची खूण असावी, असें केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशानें ठरलें आहे. ती खूणही पाहून घ्यावी.

ट्यूब असलेला टायर असेल तर ट्यूबवरही माप छापलेलें असतें, आणि तें टायरच्या मापाशीं जुळलें पाहिजे. मोठी ट्यूब घडी पडून त्या घडीवर फाटते, लहान ट्यूब ताणून पातळ होते. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, म्हणून नव्या टायरांत ती घालूं नये. दुकानीं जातांना जुन्या टायरवरील सारी ओळ, अक्षरें, रेघा व टिंबें यांसह, कागदावर जशीच्या तशी उतरवून न्यावी. लिहितां येत नसेल तर मुलाकडून मोबाईलवर तिचें छायाचित्र काढवून घ्यावें. नवा टायर चढविण्याआधीं तो कागद त्याच्या बाजूस धरून एकेक अक्षर ताडून पाहावें, व पावतीवर मापाबरोबर पी. आर. आणि ते चार आंकडेही लिहून मागावे.